कौलारू छप्पर: परतावे, दुरुस्त करावे की उतरवावे?

कोकणातले बंद घर गणपतीच्या आदल्या दिवशी उघडले की आधी देव्हाऱ्याकडे आणि लगेच आढ्याकडे, म्हणजे छपराच्या माथ्याकडे, पाहिले जाते. माजघराच्या जमिनीवर ओलीचा डाग असतो, भिंतीवरून तपकिरी ओघळ उतरलेला असतो, ओटीवर एखादी बादली ठेवावी लागते, आणि त्याच रात्री जेवणाच्या पंगतीत "यंदा छप्पर काढूनच टाकू, पत्रे घालू" असा ठराव होतो. अशा मनःस्थितीत घेतलेला निर्णय बहुधा चुकतो, आणि तो दोन्ही बाजूंनी चुकतो. दीडदोनशे कौले बदलून आणखी कित्येक वर्षे सहज निघाली असती अशी छपरे उतरवली जातात; उलट ज्या घराचे वासे, म्हणजे छपराची उतरती लाकडे, भिंतीतल्या टोकाशी कुजले आहेत, त्या घराची कौले दर वर्षी निष्ठेने परतली, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवली, जातात. ही दुसरी चूक आमच्या घरात सलग चार उन्हाळे झाली, म्हणून या विषयावर लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला आहे.

येथे विचार केला आहे तो उतरत्या छपराच्या, लाकडी वासे आणि त्यांवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे रिपा, यांवर मंगलोरी कौले घातलेल्या घरांचा. स्लॅबच्या गळतीचे शास्त्र वेगळे आहे. कौल हे छपराचे कातडे आणि लाकूड ही त्याची हाडे, एवढे एक रूपक मनात ठेवले तर पुढचे सारे सोपे होते. गळती जवळजवळ नेहमी कातड्याची असते, पण छप्पर ठेवायचे की उतरवायचे हे मात्र हाडे पाहूनच ठरवावे लागते.

गळतीची टिपणे पावसातच घ्यावीत

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. असा पाऊस अंगावर घेणाऱ्या छपराची परीक्षा मे महिन्यात कोरड्या उन्हात उभे राहून घेता येत नाही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मंडळींना गणपतीचे आठ-दहा दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत पाऊस अजून असतो, ही मोठी सोय आहे. घराचा साधा नकाशा कागदावर काढावा, त्यावर ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर दाखवावे आणि जेथे जेथे थेंब पडतो तेथे खूण करून पावसाचा प्रकारही शेजारी लिहावा. सरळ पडणाऱ्या जोराच्या पावसात गळते, की वाऱ्याबरोबर तिरप्या येणाऱ्या झडीतच गळते, की पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने ठिबकते, या तिन्हींची कारणे वेगळी आहेत. सरळ पावसात एकाच जागी धार लागत असेल तर कौल फुटलेले किंवा सरकलेले असते. केवळ झडीत गळत असेल तर कौलांची एकमेकांवरची बसणी ढिली झालेली असते, किंवा छपराचा उतार कमी असतो. पाऊस थांबल्यावर सावकाश ठिबकत असेल तर कौल स्वतःच पाणी पिऊ लागले आहे, किंवा शेवाळाने पाणी धरून ठेवले आहे, असे समजावे.

थेंब पडतो त्याच्या बरोबर वर भोक असते, हा समज सोडून द्यावा. पाणी कौलाच्या पोटाला चिकटून रिपेवर येते, रिपेवरून वाशावर येते आणि वाशाच्या उताराने चार-सहा फूट खाली सरकून मग पडते. म्हणून माळ्यावर चढून, ओल्या लाकडाचा काळपट माग धरून वरच्या दिशेने शोधत जावे. भर दुपारी माळ्यावरचे दिवे बंद करून वर पाहिले तर सरकलेल्या कौलांच्या फटी उजेडाच्या रेघांसारख्या दिसतात; त्या ठिकाणी रिपेवर खडूने खूण करून ठेवावी. वानरांचा उपद्रव असलेल्या गावांत अशा फटी एका पाखावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, विशेषतः फणसाच्या किंवा आंब्याच्या फांदीखाली, घोळक्याने सापडतात. तेथे आधी फांदी छाटावी लागते. ती तशीच ठेवून कौले परतली तर पुढच्या हंगामात तेच काम पुन्हा करावे लागते.

दोन पाखी जेथे मिळतात तेथील पन्हळ आणि आढ्यावरची कौले या दोन जागा वेगळ्या पाहाव्यात. पन्हळीचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला की तेथून येणारे पाणी थेट कोपऱ्यातल्या वाशावर आणि भिंतीच्या माथ्यावर पडते, आणि हेच लाकूड सर्वांत आधी जाते. आढ्यावरच्या कौलांखाली भरलेल्या सिमेंटला तडे गेले असतील तर दोन्ही पाखांत एकदम गळती दिसते आणि घरभर गळत असल्याचा भास होतो, वास्तविक दुरुस्ती एका दिवसाची असते.

कौलांची मोजणी

मंगलोरी कौले कोकणात समुद्रमार्गे आली. बाझेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, त्यानंतर तेथे इतरांचेही कारखाने निघाले आणि पुढच्या काळात कोकणातल्या कितीतरी घरांवरचे गवत आणि हाताने थापलेले नळे (अर्धगोल कौले) जाऊन ही कौले आली. या इतिहासाचा व्यवहारात उपयोग आहे. कौल उलटे करून पाहिले तर पाठीवर कारखान्याचे नाव किंवा चिन्ह उमटवलेले दिसते. दोन कारखान्यांच्या कौलांत खाचांचा आणि लांबी-रुंदीचा काही मिलिमीटरांचा फरक असतो, आणि तेवढ्याने ती एकमेकांत नीट बसत नाहीत. फुटलेल्या जुन्या कौलांच्या जागी मिळतील ती नवी खोचली की पुढच्या झडीत त्याच जागा गळतात, आणि मग "नवी कौलेच खराब आली" अशी तक्रार होते. कौले खरेदीला जाताना जुने एक अखंड कौल बरोबर न्यावे.

कौल चांगले आहे की नाही हे ओळखण्याच्या दोन रीती आहेत. बोटाच्या सांध्याने वाजवले असता खणखणीत आवाज आला तर ते धड आहे. बद्द आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर आहे किंवा भाजणी कच्ची आहे. दुसरी रीत अशी की, कौल पालथे घालून त्याच्या पोटाच्या खळग्यात थोडे पाणी ओतून ठेवावे आणि काही तासांनी दुसऱ्या बाजूने हात फिरवावा. किंचित दमटपणा चालतो, पण थेंब लोंबकळू लागले तर त्या कौलाचे आयुष्य संपले. प्रत्येक पाखातली निरनिराळ्या जागांची वीस-पंचवीस कौले अशी तपासली म्हणजे सबंध पाखाचा अंदाज येतो.

माझा स्वतःचा हिशोब असा आहे. दहात एखादे कौल वाईट निघाले तर ती नेहमीची शाकारणी, म्हणजे छपराची वार्षिक डागडुजी, समजावी. चारात एक किंवा त्याहून अधिक वाईट निघाले तर ते पाखे पूर्ण उतरवावे आणि सगळ्या पाखांतली चांगली जुनी कौले एकत्र करून एक पाखे जुन्यांचे, दुसरे नव्यांचे अशी वाटणी करावी. यामुळे खाचा जुळण्याचा प्रश्न सुटतो आणि निम्मी कौले वाचतात. शक्यतो नवे पाखे पावसाच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या तोंडाचे असावे.

एका चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले लागतात. तीस फूट गुणिले चाळीस फूट अशा घराचा उतार दोन फुटांना एक फूट असेल तर छपराचे क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या साधारण १.१२ पट, म्हणजे सुमारे १३५० चौरस फूट भरते आणि १९०० च्या आसपास कौले लागतात. वाहतुकीतली आणि चढवतानाची फूट धरून दोन हजारांची मागणी द्यावी. वळचणी, म्हणजे भिंतीपुढे आलेल्या छपराच्या कडा, बाहेर फार काढलेल्या असतील तर त्यांचे माप वेगळे मिळवावे.

खरा निर्णय लाकडावर

लाकडाची तपासणी कोरड्या दिवसांत, दिवाळीनंतर किंवा शिमग्याच्या सुटीत करावे, कारण ओले लाकूड टणक आहे की कुजके हे हाताला नीट कळत नाही. हातात एक मोठा पेचकस, एक हातोडी आणि बॅटरी घ्यावी. वाशांचा मधला भाग तपासण्यात बहुतेक सुतार वेळ घालवतात, पण तो भाग सहसा शेवटी बिघडतो. वासा जेथे भिंतीवर टेकतो किंवा चिऱ्यांत, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीत, पुरलेला असतो ते टोक, पन्हळीखालची लाकडे, वळचणीकडची टोके आणि स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीच्या वरचा भाग येथे पेचकस जोराने खुपसून पाहावा. टोक दोन-तीन मिलिमीटरांपुढे जात नसेल तर लाकूड धड आहे. अर्धा इंच सहज रुतले तर आतला गाभा कितपत उरला आहे हे हातोडीने ठोकून, आवाजावरून ठरवावे.

आमच्या घरात नेमके हेच झाले होते. वासे ऐनाच्या लाकडाचे, रंगवलेले, दिसायला उत्तम. पण ज्या आडव्या लाकडावर ते भिंतीच्या माथ्याशी टेकत होते, ते वाळवीने आतून पोकळ केले होते. त्यामुळे सगळे पाखे दर पावसाळ्यात किंचित खाली बसत होते, कौलांच्या खाचा उघडत होत्या, आणि आम्ही दर उन्हाळ्यात कौले परतून मजुरी देत होतो. भिंतीवरचा वाळवीचा मातीचा माग चुन्याच्या रंगाखाली दडला होता.

वाळवी आणि लाकडातली कीड यांत फरक करावा. वाळवी मातीच्या नळीतून जमिनीकडून येते, त्यामुळे नुसते छपरावर औषध मारून ती जात नाही. जोत्यापाशी उपचार करावा लागतो. कीड मात्र लाकडातच राहते आणि बारीक भोकांतून पीठ पाडते. वाशाखाली एक वर्तमानपत्र पसरून आठवड्याने पाहावे. ताजे, फिकट पीठ पडले असेल तर कीड चालू आहे. काहीच पडले नसेल तर ती भोके जुनी आहेत आणि त्यांची भीती बाळगू नये. चुलीचा धूर होता तेव्हा अशी कीड लागत नसे, असे जुनी माणसे सांगतात, आणि धुराने काळी झालेली माजघरावरची लाकडे अजूनही धड आढळतात हे मी पाहिले आहे. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावण्याची रीत कोकणात आहे आणि ती चांगली आहे, मात्र ते कातडीवर पडले की भाजते, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय कोणाला ते काम करू देऊ नये.

यानंतर बाक मोजावा. आढ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक दोरी ताणून बांधावी आणि मध्यभागी दोरी व लाकूड यांतले अंतर मोजून वहीत तारखेसह लिहावे. शंभर वर्षांच्या घराच्या आढ्याला थोडा बाक असणारच, त्याने घाबरून जाऊ नये. दहा फुटांत एक इंचापर्यंतचा बाक आणि दोन वर्षांत न बदलणारे माप असेल तर ते लाकूड आपल्या जागी स्थिरावले आहे, असे मी धरतो. माप एका पावसाळ्यात पाव इंचानेही वाढले, किंवा भिंतीच्या माथ्याशी वासा बाहेर सरकल्याची ताजी फट दिसली, तर बाक किती आहे हा प्रश्न उरत नाही. जाणकार सुताराला किंवा अभियंत्याला बोलावणे आवश्यक आहे.

आता निवाडा. रिपा वाईट आणि वासे चांगले, ही सर्वांत सुखाची स्थिती. रिपा हा खर्चाचा छोटा भाग आहे आणि कौले उतरवली की त्या दोन दिवसांत बदलता येतात. दहा-बारा वाशांपैकी दोन-तीन वासे टोकाशी कुजलेले असतील तर कुजका भाग कापून बाजूने जोडलाकूड देऊन बोल्टने आवळता येते, त्यासाठी सबंध छप्पर उतरवण्याचे कारण नाही. एक तृतीयांशापेक्षा अधिक वासे, किंवा आढे, किंवा भिंतीवरचे आडवे लाकूड यांपैकी काही गेले असेल, तर मात्र दुरुस्तीचा मोह टाळावा. त्या परिस्थितीत एक वासा बदलताना शेजारचा हलतो, कौले दोनदा उतरवावी लागतात, आणि मजुरी दोनदा दिल्यावर छप्पर जुनेच राहते.

उताराचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो बहुतेक वेळा दुर्लक्षिला जातो. मूळ घर चांगले असते, पण मागे स्वयंपाकघर वाढवताना किंवा पुढे पडवी काढताना उंची पुरत नाही म्हणून उतार मोडून जवळजवळ आडवा केलेला असतो. मंगलोरी कौलाला साधारण दोन फुटांना एक फूट उठाव हवा. त्याहून फार कमी उतारावर पाणी वाऱ्याच्या जोराने खाचांतून मागे चढते, आणि जगातली उत्तम कौले घातली तरी ते थांबत नाही. अशा जोडछपरासाठी कौलांचा हट्ट सोडून तेवढ्या भागावर पत्रा घालणे शहाणपणाचे आहे.

उतरवायचे ठरल्यास पुढे काय

पहिला सल्ला नकारात्मक आहे. जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर, विशेषतः त्या मातीत रचलेल्या असतील तर, अभियंत्याला दाखवल्याशिवाय स्लॅब टाकू नये. वरच्या उदाहरणातल्या घरावर कौलांचे एकूण वजन सुमारे पाच टन असते. त्याच घरावर चार इंची स्लॅब टाकली तर एका चौरस मीटरला सुमारे २५० किलो या हिशोबाने नुसत्या स्लॅबचे वजन अठ्ठावीस टनांच्या आसपास जाते, आणि पाया मात्र पूर्वीचाच राहतो.

लोखंडी चौकटीवर जुनीच कौले पुन्हा घालणे हा मला सर्वांत समतोल पर्याय वाटतो. वाळवीचा प्रश्न मिटतो, घर थंड राहते आणि कौले वाया जात नाहीत. मात्र खाऱ्या वाऱ्याच्या गावांत लोखंडाला गंजरोधक रंग नियमाने द्यावा लागतो, आणि कौलाच्या मापाप्रमाणे रिपांचे अंतर आधी कौल ठेवून मोजून मगच वेल्डिंग करून घ्यावे. वेल्डिंग झाल्यावर अर्ध्या इंचाची चूकही दुरुस्त होत नाही. पत्रा स्वस्त आणि हलका आहे, परंतु तापतो, पावसात संभाषण अशक्य करतो, आणि त्याच्या पोटाला धरलेले दव पहाटे थेंबाथेंबाने पडू लागले की नवे छप्परही गळते असे वाटते. जुने सिमेंटचे पत्रे घरावर असतील तर त्यांत अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे. ते घासू नयेत, कोरडे कापू नयेत, उतरवताना पाणी मारून ओले ठेवावेत आणि अखंडच खाली घ्यावेत.

कौलांखाली ताडपत्री अंथरून गळती "थांबवणे" हा उपाय एका पावसाळ्यापुरता क्षम्य आहे. त्यापुढे तो घातक ठरतो, कारण पाणी दिसेनासे होते पण थांबत नाही, आणि ताडपत्रीच्या वर अडकलेल्या दमट हवेत रिपा कुजतात.

कामाची वेळ मृग नक्षत्रावरून नव्हे, वादळांवरून ठरवावी. निसर्ग चक्रीवादळ २०२० मध्ये ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि तौक्ते २०२१ मध्ये मेच्या मध्याला कोकण किनारपट्टीजवळून गेले. रोहिणीपर्यंत छप्पर उघडे ठेवण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. काम फेब्रुवारीत सुरू करून एप्रिलअखेर आटोपावे. वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची ओळ तारेने रिपेला बांधून घ्यावी, कारण वारा पहिल्यांदा तेथूनच कौल उचलतो. मंगलोरी कौलाच्या पोटाला तार ओवण्यासाठी भोक ठेवलेले असते, पण गवंडी सांगितल्याशिवाय ते वापरत नाहीत.

अंदाजपत्रक मागताना मजुरी, लाकूड किंवा लोखंड, आणि कौले असे तीन वेगळे आकडे मागावेत. एकच ठोकळ आकडा देणाऱ्याकडून काम घेतले की किती वासे खरोखर बदलले हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. बदललेली जुनी लाकडे अंगणात तशीच ठेवण्याची अट आधी घालावी, म्हणजे ती मोजता येतात आणि पेचकस खुपसून पाहताही येतात. स्वतः छपरावर चढू नये. चढावेच लागले तर सकाळचे दव वाळल्यावर, रिपेवर येणाऱ्या कौलाच्या जोडावरच पाय ठेवून, आणि विजेची तार कोठून आली आहे ते आधी पाहून.

सामाईक घर असेल तर यातील कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी टिपणाची वही सर्व हिस्सेदारांसमोर ठेवावी. छप्पर एकच असते आणि हिस्से चार. माझ्या खोलीत गळत नाही असे म्हणणाऱ्या भावालाही आढे सगळ्यांचे एकच आहे हे दोरीच्या मापावरून दाखवता येते, तोंडी वादातून ते कधीच पटत नाही. घराचा आकार किंवा उंची बदलणार असेल तर ग्रामपंचायतीत आधी विचारून, उत्तर लेखी घ्यावे.

काम संपल्यावर त्याच कारखान्याची पन्नासेक कौले आणि आढ्याची चार-पाच कौले जास्तीची घेऊन ठेवावीत. ती आडवी रचू नयेत, मागच्या पडवीत भिंतीला टेकवून उभी लावावीत, आणि त्यांच्या पाठीवरचे चिन्ह वहीत उतरवून घ्यावे.